प्रयागचा उजवा कान

प्रयागला जाऊन आता आठ महिने झाले. ती होती तोवर हे लिहायचं माझ्या मनात आलं नसतं, आणि आलं असतं तरी तिनं लिहू दिलं नसतं. मी चौथी शिकलेला माणूस. मला सभेत बोलता येत नाही आणि कागदावर गोड लिहिता येत नाही. जे झालं ते तसंच लिहितो. आमच्या लग्नाच्या आधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे पाच-सहा, एवढाच हा तुकडा. माणूस पोरगा असतो आणि एका वर्षात बाप्या होतो, ते माझं वर्ष हे. त्या वर्षात मला माझ्या बापानं फसवलं आणि सासऱ्यानं फसवलं, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो.

आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. आधीचं साल कोरडं गेलं होतं आणि हेही कोरडं निघालं. विहिरीत डोकावलं की तळाचा दगड पांढरा दिसायचा. घरात आम्ही तिघं. दादा म्हणजे माझे वडील, माय आणि मी. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती उमापूरच्या बाजूला गेली होती. सरकारी दुकानात लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरी माय थापायची. भाकरी कसली, तव्यावर टाकली की कडेनं फाटायची. माय त्या पिठाला शिव्या देत देत त्यात हुलग्याचं मूठभर पीठ मिसळायची, मग जरा एकजीव व्हायचं. तरवट्याचा पाला उकडून, पिळून, मिरची लावून खायचा. मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. तिथं दुपारी सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, मिळायची, ती मी अर्धी खायचो आणि अर्धी डोक्याच्या टापराच्या गाठीत मायसाठी आणायचो. शेकडो हातोड्या एका वेळी दगडावर पडतात तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. सुरुवातीला कानात दडे बसायचे, मग सवय व्हायची, मग रविवारी आवाज बंद असला की चुकल्यासारखं वाटायचं. कानाचं दुखणं काय असतं ते मला तोवर एवढंच माहीत होतं.

दादांचा जीव बैलांत. मोऱ्या आणि चांद्या अशी जोडी होती. माय उपाशी राहिली तर दादा गप्प बसायचे, पण बैलाची फासळी दिसली की त्यांना घास जायचा नाही. हे मी रागानं लिहीत नाही, होतं तसं लिहितो. लोक बैल बाजाराला नेऊन खाटकाला देत होते. कडबा मिळायचा तो फक्त सोसायटीत. चार कोसांवरच्या मोठ्या गावात सोसायटीचा डेपो होता, आणि चेअरमनच्या चिठ्ठीशिवाय तिथली एक पेंढी हलत नव्हती. चेअरमन म्हणजे जाड मिशांचा, हळू बोलणारा माणूस. कधी कुणाला 'न्हाई' म्हणायचा नाही. 'बघू' म्हणायचा. दादा दोनदा गेले आणि दोनदा 'बघू' घेऊन परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा गाडी कडब्यानं भरलेली होती, आणि माझं लग्न ठरलेलं होतं.

मी विचारलं, चेअरमननं आपल्या घरात पोरगी कावून द्यावी? त्यांचं घर स्लॅबचं, आमचं मातीचं. दादा म्हणाले, पोराचं हाड बघून दिली. तलावावर तुझं काम बघितलंय त्यांनी. मला हे खरं वाटलं. एकोणीस वर्षांच्या पोराला त्याच्या हाडाचं कौतुक केलेलं कधी खोटं वाटत नाही.

पोरगी बघायला आम्ही गेलो. दादा, माझी मावशी आणि मी. दुष्काळात पाहुण्यांना पोहे कुठले, पण चेअरमनच्या घरी शेंगोळे केले होते, लसूण घालून, वर तेलाची तार दिसत होती. मी इतकं तेल वर्षात बघितलं नव्हतं. मग ती पाणी घेऊन आली आणि तिच्याबरोबर मोगऱ्याचा वास आला. डोक्यात माळायला फूल मिळायचे दिवस नव्हते ते, त्यामुळं हा वास कुठून येतो म्हणून मी बघत राहिलो. उजव्या कानात तिनं अत्तराचा फाया घातला होता. आमच्याकडं लग्नाकार्यात पाळीच्या वळणात फाया ठेवायची पद्धत आहे, त्यात मला काही वावगं दिसलं नाही. मावशीनं नाव विचारलं. तिनं मान डावीकडून पुढं केली, डोळे खाली ठेवले आणि हळू सांगितलं, "प्रयाग." जे विचारलं त्याला ती अशीच मान तिरपी करून उत्तर द्यायची. परत येताना मावशी गाडीत म्हणाली, पोरगी लई शालीन हाय, बोलताना मानसुद्धा सरळ करत न्हाई. दादांनी कासरा हातात घेतला. ते बैलांकडं बघत होते.

लग्न झालं. वाजंत्री नव्हती, पंगत एकच. तिला घरी आणली. प्रयाग मायच्या हाताखाली अशी रुळली की माय मला विसरली. मिलोची भाकरी न फाटता थापायची युक्ती तिनंच काढली. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं आणि ओल्या फडक्यावर थापायचं. तलावावर ती माझ्या शेजारी बसून खडी फोडायची आणि बायकांना हसवायची. मुकादमाच्या चालीची नक्कल करायची ती अशी, की एकदा खुद्द मुकादम मागं उभा राहून हसला. मला वाटायचं, आपलं नशीब फळफळलं. फक्त तिच्या अंगाला तो मोगरा सुटत नव्हता, आणि ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून उशाचं फडकं धुवायची. मी विचारलं नाही. नवीन नवरा बायकोला कशाकशाचं विचारणार?

धारूरच्या बाजारात रहीमचाचा म्हणून अत्तरवाले बसायचे. सुरम्याच्या कांड्या, ऊद, काचेच्या छोट्या शिश्या. बाजाराला गेलतो तेव्हा वाटलं, तिला मोगरा आवडतो तर एक शिशी घ्यावी. चाचांनी विचारलं, कुणासाठी, बेटा? मी सांगितलं, लगीन झालंय, चेअरमनची लेक. चाचांनी शिशी हातातच धरून ठेवली. मग म्हणाले, "जमाईराजा, बुरा मानू नका. दर बाजाराला त्यांच्या घरी एक शिशी जायची. इतकं अत्तर कोन वापरतं? मी त्यांना सांगितलं होतं, फाया पाळीत ठेवायचा, भोकात न्हाई. वाहत्या कानात अत्तर घातलं तर आग होती नुसती." मी म्हणालो, कुणाचा कान वाहतो? चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं की मला काहीच ठाऊक नाही. त्यांनी शिशी परत डब्यात ठेवली आणि म्हणाले, दवाखान्यात न्या तिला. एवढंच. आजही मला वाटतं, त्या सगळ्यांत सरळ बोललेला माणूस तो एकच, आणि त्याला माझ्याकडून मिळवायचं काही नव्हतं. उलट एक गिऱ्हाईक गेलं त्याचं.

घरी येऊन मी तिला म्हणालो, फाया काढ. तिनं काढला. अत्तराच्या मागून जो वास आला तो मेलेल्या उंदराचा असतो तसा होता. कापूस पिवळा-हिरवा, एका कडेला रक्त. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, लहानपणापासून, गोवर आला तवापासून. ह्या दोन वर्षांत वास सुटला. मी ओरडलो की मला कुणी सांगितलं का नाही. ती दचकली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"मला वाटलं तुमाला ठाऊक हाय," ती म्हणाली. "आबा म्हनले, पोराला समदं सांगितलंय, तो हो म्हनला. म्हनून तर मी तुमाला लई मोठ्या मनाचा समजत होते."

हे ऐकून माझा तिच्यावरचा राग गळून पडला. आबा म्हणजे तिचे वडील. मला वाटलं, ही पोरगी माझ्यासारखीच फसवलेली आहे. दोघांना दोन बाजूंनी दोन खोट्या गोष्टी सांगून एका मांडवात उभं केलंय. त्यानंतर मी जे काही केलं ते ह्या एका वाक्याच्या जोरावर केलं, म्हणून ते वाक्य इथं शब्दाला शब्द लिहिलंय.

आता गावाबाहेर गुरांची छावणी पडली होती, दादा तिथंच बसलेले असायचे. मी तिथं गेलो. ते मोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, चेअरमननं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. सरळ माणूस हाय, लपवलं न्हाई त्यानं. मी म्हणालो, मला कावून सांगितलं न्हाई? दादांनी बैलाकडं बोट केलं.

"हे जगले का न्हाई?"

"जगले."

"मग झालं तर."

मी त्यांच्यावर हात उचलला नाही, एवढंच. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या ताटाला ताट लावून बसलो नाही. दादा वाईट माणूस नव्हते हे मला आज कळतं. चांगली माणसं एखाद्या जनावरासाठी पोटच्या पोराला विकू शकतात हेही मला आजच कळतं. त्या वयात मला फक्त राग येत होता.

माझं म्हणणं होतं की तिला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्यावं. इथं आमच्या लोकांची एक रीत आडवी आली. लग्नाच्या आधीपासूनचं दुखणं असलं तर ते 'माहेरचं दुखणं'. ते माहेरानं काढायचं, सासरानं त्याला हात लावायचा नाही. हात लावला की ते आपलं झालं, मग त्यातून जे निघेल तेही आपलं. दादा म्हणाले, त्यांनी नेऊ दे. तिकडं चेअरमनचा निरोप आला, पोरगी दिली ती दिली, आता सासरच्यांनी बघावं. दोन घरं, दोन्ही अब्रूदार, आणि मधे तिचा कान वाहतोय. माय बिचारी आपल्या परीनं करायची. करडईच्या तेलात लसूण आणि ओवा कडवून कोमट करून ती प्रयागच्या कानात सोडायची, वर कापूस दाबायची आणि म्हणायची, आतला किडा मरतो यानं. किडा नव्हताच. तेलानं आतली घाण भिजत होती आणि कापसानं कोंडत होती. आम्ही प्रेमानं तिचा कान सडवत होतो, हे मला पुढं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा माय ऐकायला नव्हती म्हणून मी देवाचे आभार मानले.

महिन्याभरात तिला चक्कर यायला लागली. खडी फोडता फोडता हातोडी बाजूला ठेवून दगड धरून बसायची. म्हणायची, धरनी फिरती. उजव्या अंगाचं डोकं ठणकायचं. मला तेव्हा काय सुचलं असेल? मला सुचलं की तिला माहेरी नेऊन सोडावं. चार लोकांत, सोसायटीच्या दारात, चेअरमनच्या पुढ्यात. मग बघू तो कुठं जातो. तिच्या दुखण्यापेक्षा मला त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. खोटं कशाला लिहू. मोऱ्या-चांद्याला गाडीला जुंपलं, तिची पत्र्याची पेटी मागं टाकली आणि निघालो. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, पेटी कावून घेतली? मी बैल हाकले.

सोसायटीत दहा-पंधरा माणसं कडब्याच्या चिठ्ठ्यांसाठी बसली होती. चेअरमन गादीवर. मला बघून म्हणाले, या बन्सीराव, बसा. मी उभ्यानंच बोललो. म्हणालो, मामा, तुमचा माल तुमी ठेवा, नासका निघाला. असं बोललो मी. माझी बायको दारात उभी होती आणि मी असं बोललो. लोक माना खाली घालून बसले. चेअरमननं मिशीवरून हात फिरवला आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, तुमच्या वडलांनी बघून, ऐकून, समजून हो म्हणलंय. साक्षीला मानसं हायत. घरी चला, पानी घ्या, ऊन लई हाय.

त्यांच्या घरात मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, तांब्या आणला. प्रयागनं तांब्या वर धरून घोट घेतला आणि पाणी तिच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर सांडलं. तिनं पुन्हा घोट घेतला, पुन्हा सांडलं. तिला वाटलं घाई झाली. मामींनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं. उजवा डोळा मिटत नव्हता. काल संध्याकाळपर्यंत असं नव्हतं, आणि आज सकाळपासून मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं, कारण मी रागात होतो.

तिचं तोंड वाकडं झालं नसतं तर मी तिला तिथं सोडून गेलो असतो. गाडी वळवून. हे मी तिला कधी सांगितलं नाही, तिला न सांगताही कळलं असणार.

मामी आत गेल्या आणि डाळीच्या डब्यातून एक घडीचा कागद काढून माझ्या हातात कोंबला. त्यांना वाचता येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गेल्या साली अंबाजोगाईला न्हेलती. ह्यो दाखवा. ह्यांना सांगू नका मी दिला." चेअरमन ओसरीवर उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी अडवलंही नाही आणि सोबतही आले नाहीत.

रात्रभर गाडी हाकून सकाळी आम्ही अंबाजोगाईला पोचलो. दवाखान्यातला कानाचा डॉक्टर बारीक अंगाचा होता, कपाळाला गोल आरसा बांधलेला. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, मागं दिवा ठेवला, आरशातून उजेड कानात पाडला आणि पत्र्याचं बारीक नरसाळं आत घालून बघितलं. काडीला कापूस गुंडाळून घाण काढली, पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं लोखंडाचा दोन दातांचा चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. विचारलं, आवाज कोणत्या कानात येतो? ती म्हणाली, उजव्या. मी म्हणालो, साहेब, ती घाबरलीय, उजवा तर फुटका हाय. डॉक्टर म्हणाला, बरोबर सांगतेय ती. बाहेरचा रस्ता बंद आहे, हाडातून गेलेला आवाज म्हणून त्याच कानात घुमतो. आतली नस अजून जिवंत आहे. मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं की जो कान बहिरा आहे तोच जास्त ऐकू शकतो, फक्त त्याच्याशी बोलायची जागा दुसरी असते.

मग त्यानं मामींचा कागद उलगडला आणि दोनदा वाचला. म्हणाला, हे माझंच अक्षर आहे. ही गेल्या वर्षी आली होती. मी सांगितलं होतं, चार महिन्यांच्या आत आणा. मग त्यानं आम्हाला समजेल असं सांगितलं. नुसता पू असता तर औषधाच्या थेंबांनी वाळला असता. हिच्या कानात चामडीचा गोळा वाढतोय आणि तो हाड खातो. ऐकायच्या बारीक हाडांची साखळी त्यानं खाल्ली. चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते, ती दाबली म्हणून तोंड वाकडं. त्याच्या पलीकडं पातळ हाड, आणि त्याच्या पलीकडं मेंदू. "तिथं पोचला तर मी काही करू शकणार नाही. उद्या ऑपरेशन करायला पाहिजे. गेल्या वर्षी केलं असतं तर कान वाचला असता. आता जीव वाचवायचा."

प्रयाग स्टुलावर खाली मान घालून बसली होती. मला वाटलं तिला चक्कर येतेय.

संमतीच्या कागदावर सही हवी होती. चेअरमनचा माणूस दुपारी आला, निरोप घेऊन, की सही सासरच्या माणसानं करावी. त्याच्या पाठोपाठ दादा आले. ते मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, सही करू नको. तू सही केली की दुखणं आपलं झालं. उद्या पोरगी दगावली तर चेअरमन म्हणेल, सासरच्यांनी चिरून मारली. त्याला करू दे. मी म्हणालो, तो करणार न्हाई. दादा म्हणाले, मग थांब, दोन दिवसांत वाकतो तो. बैलाच्या सौद्यात थांबतात तसं ते मला थांबायला सांगत होते. मी आत गेलो. सिस्टरनं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, नवरा. तो शब्द मी आधी कधी स्वतःबद्दल मोठ्यानं उच्चारला नव्हता. तोवर मी फक्त कामाच्या हजेरीवर सही केली होती. 'बन्सी'तला 'न्सी' ओळीच्या खाली गेला. बाहेर येईतो दादा निघून गेले होते.

कानाच्या मागचे केस वस्तऱ्यानं काढले. अर्धं डोकं तुळतुळीत. मला रडू येईल असं वाटत होतं तर ती म्हणाली, बरं झालं, निम्म्या उवा तर गेल्या. ऑपरेशनला उन्हं वर आली तेव्हा नेली, ती बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. डोक्याला एवढा मोठा पांढरा फेटा. शुद्धीवर आल्यावर मी म्हणालो, नवरदेवासारखी दिसतीस. ती अर्ध्या तोंडानं हसली. डॉक्टरनं कानामागचं हाड पोखरून सगळी घाण काढली होती, गोळा पूर्ण निघाला होता. जीव वाचला. तोंड पुढच्या महिन्यांत बरंचसं सरळ झालं, उजवी पापणी तेवढी शेवटपर्यंत पूर्ण मिटली नाही. त्या कानानं ऐकणं गेलं ते गेलंच. मी तिला दर पंधरवड्याला कान साफ करायला नेत होतो. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिनचा कापूस घालायचं काम माझं होतं. तेलाची बाटली मी घरातून काढून टाकली, आणि मायला का ते सांगितलं नाही.

त्यानंतर आम्ही वेगळे निघालो. दादांशी पुढं बोलणं झालं पण बसणं झालं नाही. चेअरमन पुढं कारखान्याचे संचालक झाले, मोठे झाले. जावई म्हणून मला चार वेळा बोलावणं आलं, मी गेलो नाही. ते वारले तेव्हा प्रयाग लेकरांना घेऊन गेली. मी गेलो नाही. खांदा द्यायला एकुलता जावई आला नाही, हे त्या गावात बरीच वर्षं बोललं गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्या माणसानं लेकीच्या मेंदूच्या दारात दुखणं ठेवून तिला बोहल्यावर चढवलं, त्याला मी कशाला खांदा देऊ?

गेल्या वर्षी प्रयागच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एका दुपारी मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो, पेज निवत ठेवली होती. ती म्हणाली, एक सांगायचं हाय. रागवू नका असं म्हनत न्हाई, रागवा. मग ती पाण्याचे घोट घेत घेत बोलली. गेल्या साली म्हणजे त्या वेळच्या गेल्या साली, डॉक्टरनं चार महिने म्हटलं तेव्हा ती तिथंच बसलेली होती. परत येताना आबांनी तिला विचारलं होतं, आधी ऑपरेशन का आधी लगीन. डोकं भादरलं, कानामागं वण पडला, तर कोण करून घेईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मीच म्हनले, आधी लगीन. आबा रडले होते गाडीत."

मी म्हणालो, आणि ते? मला सगळं सांगितलंय असं तुला सांगितलं होतं ते?

"कुनी सांगितलं न्हाई. ते मी बनवलं. तुमी ओरडला तवा मला दुसरं काही सुचलं न्हाई."

मी विचारलं, मग पन्नास वर्षं गप्प का बसलीस? ती म्हणाली, आबाच्या मयतीला तुमी आला न्हाईत तवाच सांगणार होते. पण वाटलं, मला पुन्हा गाडीत घालून न्हेऊन सोडाल. मग लेकरं मोठी झाली, मग सुना आल्या, मग वाटलं राहू दे. पन आता तिकडं आबा भेटतील, त्यांना काय सांगू? मग तिनं विचारलं, "मी तवा खरं सांगितलं असतं, तर तुमी हो म्हनला असता का?"

मी उठून बाहेर गेलो. अंगणात उभा राहिलो.  परत आलो तेव्हा पेजेवर साय धरली होती. चमच्यानं ती बाजूला करून मी तिला भरवली. ती खात होती आणि माझ्याकडं बघत होती, तो एक डोळा अर्धा उघडा. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिनं विचारलेल्याचं उत्तर 'न्हाई' होतं. एकोणीस वर्षांचा मी, वाहत्या कानाची पोरगी कशाला करून घेतली असती? ते तिला तेव्हाच ठाऊक होतं, आणि म्हातारपणी तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, तिला दुसरं ऐकायचं होतं. 'हो' म्हणायला माझं काय जात होतं? ती माझ्याशी एकदा खोटं बोलली आणि पन्नास वर्षं ते निभावलं. मला मरत्या बायकोशी एक शब्द खोटा बोलता आला नाही.